शाळेत ब्लॅक आणि लॅटिनो स्टडीज: कायदा काय सांगतो आणि वर्गापर्यंत काय पोचतं

अमेरिकेतल्या शाळांमध्ये ब्लॅक आणि लॅटिनो (ज्यांचं मूळ लॅटिन अमेरिकेतलं आहे अशा) लोकांचा इतिहास शिकवायचा का, किती शिकवायचा, यावरून तिकडे गेली काही वर्षं जे रण पेटलंय त्याच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या अर्ध्यामुर्ध्याच येतात. एक फॉरवर्ड म्हणतो पोरांना देशाचा द्वेष करायला शिकवतायत, दुसरा म्हणतो चला, उशिरा का होईना न्याय झाला, आणि दोन्ही वाचून झाले तरी साधे प्रश्न तसेच राहतात की बाबा शिकवतायत नक्की काय, कोणाला, आणि हे ठरवतं कोण. म्हणून मी इथे कनेटिकट हे एक राज्य घेतलंय, कारण प्रत्येक सरकारी हायस्कूलने हा कोर्स ठेवलाच पाहिजे असा कायदा करणारं ते तिथलं पहिलं राज्य, आणि मग बाकीच्या राज्यांकडे जरा डोकावू.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आपल्याकडे बालभारतीचं इतिहासाचं पुस्तक गडचिरोलीत तेच आणि कोल्हापुरात तेच, तसं अमेरिकेत नाही. तिथे देशाचा असा एक अभ्यासक्रमच नाही, शाळेत काय शिकवायचं हे केंद्र सरकारने सांगायचं नाही असं तिथल्या कायद्यातच आहे. राज्यं ढोबळ निकष ठरवतात की अमुक इयत्तेत अमुक विषय यायला हवेत, आणि त्यातून प्रत्यक्ष कुठलं पुस्तक, कुठला धडा, किती तास, हे बऱ्याच ठिकाणी स्थानिक स्कूल बोर्ड ठरवतं, जे गावकऱ्यांनी बहुतेक वेळा निवडून दिलेलं असतं आणि ज्याचा मोठा खर्च गावाच्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. अशा एका बोर्डाच्या हाताखालच्या शाळांच्या भागाला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात, आणि असे डिस्ट्रिक्ट देशभरात साधारण १३,००० आहेत. त्यामुळे "अमेरिकेने शाळेत हे आणलं" किंवा "अमेरिकेने बंदी घातली" असं कोणी सांगितलं की लगेच विचारायचं, कुठल्या राज्याने, कुठल्या डिस्ट्रिक्टने? नव्वद टक्के गोंधळ तिथेच मिटतो.

आता कनेटिकट. न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या मधलं छोटंसं राज्य, बाहेरून एकदम श्रीमंत, पण हार्टफर्ड, ब्रिजपोर्ट, न्यू हेवन या शहरांत गरिबीही तितकीच. तिथे २०१९ मध्ये कायदा झाला, गव्हर्नर नेड लमाँट यांनी सही केली. त्यामागे हायस्कूलची पोरंपोरी होती, ती राजधानीत विधिमंडळाच्या सुनावणीला जाऊन बोलली, की आमच्या पुस्तकात आम्ही गुलामगिरीच्या धड्यात येतो, मग मार्टिन ल्यूथर किंगच्या पानावर येतो आणि मधली शंभर वर्षं आम्ही कुठे गेलो होतो कोणालाच माहीत नाही. (हे माझ्या शब्दांत सांगतोय, पण तक्रारीचा सूर हाच.)

कायदा म्हणतो की २०२२-२३ च्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक सरकारी हायस्कूलने आफ्रिकन-अमेरिकन/ब्लॅक आणि पोर्तो रिकन/लॅटिनो स्टडीज हा कोर्स उपलब्ध ठेवायचा, कोणाला आधी सुरू करायचा असेल तर एक वर्ष आधी करा. अभ्यासक्रम लिहायचं काम राज्याच्या शिक्षण संसाधन केंद्राकडे दिलं, त्यांनी दीडशे जणांचा सल्लागार गट बसवला आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्य शिक्षण मंडळाने तो मंजूर केला. वर्षभराचा कोर्स, एक क्रेडिट, पहिल्या सहामाहीत ब्लॅक इतिहास, दुसऱ्या सहामाहीत पोर्तो रिकन आणि लॅटिनो. सुरुवात गुलामांच्या जहाजापासून होत नाही, त्याच्या कितीतरी आधीच्या आफ्रिकेपासून होते, तसंच दुसऱ्या भागात कोलंबसच्या आधी कॅरिबियन बेटांवर राहणाऱ्या ताइनो लोकांपासून.

आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कायद्याने सक्ती केलीये ती शाळेवर, विद्यार्थ्यावर नाही! शाळेने कोर्स ठेवायचाच, पण पोराने घ्यायचा की नाही ही त्याची मर्जी, म्हणजे हा इलेक्टिव्ह आहे. फेसबुकवर भांडणारे दोन्ही बाजूचे लोक जणू सगळ्या पोरांना हे कंपल्सरी पाजलं जातंय असं धरून भांडत असतात आणि प्रत्यक्षात काय होतं तर दहावी-अकरावीतलं पोरगं कोर्स निवडायचा फॉर्म घेऊन बसतं, त्याचं दिवसाचं वेळापत्रक सात-आठ पिरियडचं, त्यातले गणित, इंग्लिश, सायन्स, अमेरिकन हिस्टरी हे ठरलेलेच, मग उरलेल्या एक-दोन जागांसाठी बँड, स्पॅनिश, कॉम्प्युटर, सायकॉलॉजी आणि कॉलेजच्या अर्जावर वजन पडावं म्हणून घ्यायचा एखादा एपी (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या दर्जाचा कोर्स), या सगळ्यांच्या रांगेत हा कोर्स उभा असतो. त्यात समुपदेशक म्हणाला की कॉलेजसाठी एपी घे बाबा, तर संपलंच. आणि पुरेशी नावंच आली नाहीत तर तो वर्ग त्या वर्षी भरणारच नाही, कायदा मोडला असंही कोणी म्हणणार नाही.

म्हणून माझं मत असं आहे की या कायद्यांच्या बाबतीत सही झालेल्या दिवसाच्या फोटोपेक्षा वेळापत्रक, शिक्षक आणि पैसा या तीन गोष्टी बघायच्या. शिक्षकाचंच घ्या. ज्याने स्वतः शाळेत असताना हे कधी वाचलं नाही, कॉलेजातही नाही, त्याला वर्षभर शिकवायला उभं करायचं म्हणजे आधी त्याचं प्रशिक्षण आलं, त्याच्या जागी बदली शिक्षक आला, साहित्य आलं. मोठ्या शहरातल्या शाळेत असा शिक्षक सापडतो, तो उत्साही असतो, पोरंही येतात. जंगलाकडच्या छोट्या गावात जिथे हायस्कूलला सगळे मिळून तीन-चारशे विद्यार्थी आणि सोशल स्टडीजचे तीन शिक्षक, तिथे हाच कायदा कागदावर तसाच असतो आणि वर्गात काय येतं ते त्या तिघांतल्या एकाच्या मनावर असतं.

बरं, पण एका वर्षात दोन एवढे मोठे इतिहास कोंबायचे का? मला हे पटत नाही. ब्लॅक इतिहासाला पाच महिने आणि मेक्सिकोपासून पोर्तो रिकोपर्यंत सगळ्या लॅटिनोंना पाच महिने, हे फारच झालं. पण दोन वेगळे कोर्स ठेवले असते तर दोन्हींना पोरं मिळाली असती का हाही प्रश्नच आहे.

पोर्तो रिकन असं वेगळं नाव कोर्समध्ये का, हे बऱ्याच जणांना कळत नाही. पोर्तो रिको हे कॅरिबियनमधलं बेट १८९८ च्या युद्धात स्पेनकडून अमेरिकेकडे आलं, १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत देता येत नाही. म्हणजे हे लोक स्थलांतरित नाहीत, नागरिकच आहेत, तरी अर्ध्या अमेरिकेला ते परदेशी वाटतात. लोकसंख्येच्या टक्केवारीत बघितलं तर पोर्तो रिकन लोक सगळ्यात जास्त असलेलं राज्य कनेटिकटच. ते तिथे का आले तर तंबाखूसाठी. कनेटिकट नदीच्या खोऱ्यात कापडी मांडवाखाली सावलीत वाढवलेला तंबाखू व्हायचा, सिगारच्या सगळ्यात बाहेरच्या गुंडाळीचं पान, आणि त्याच्या तोडणीला दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावरून मजूर आणले जायचे. आपल्याकडे निपाणी-जयसिंगपूर भागात ज्यांनी तंबाखूचं शेत बघितलंय त्यांना त्या कामातला घाम आणि वास वेगळा सांगायला नको.

याच तंबाखूच्या शेतात १९४४ च्या उन्हाळ्यात सिम्सबरी गावी एक पंधरा वर्षांचा मुलगा कॉलेजच्या फीसाठी काम करायला जॉर्जियाहून आला होता, मार्टिन ल्यूथर किंग. त्याने आईला पत्रात कळवलं की हार्टफर्डच्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही जेवलो, आपल्या लोकांना कुठेही बसून जेवता येतं असं मला कधी वाटलंच नव्हतं. आता सांगा, कनेटिकटमधल्या पोराला किंगची ओळख करून द्यायची तर त्याची चळवळ जिथे गाजली त्या अलाबामापासून सुरू करायची का आपल्या गावच्या शेतापासून? चांगला शिक्षक शेतापासूनच सुरू करेल. पण मग त्याच शिक्षकाला पुढचंही सांगावं लागेल, की याच हार्टफर्डमधल्या शाळा इतक्या वाटल्या गेल्या होत्या, शहरात ब्लॅक आणि लॅटिनो, शेजारच्या गावांत गोरे, की पालकांनी १९८९ मध्ये राज्याविरुद्ध खटला भरला आणि १९९६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हे राज्यघटनेत बसत नाही असा निकाल दिला. शेफ विरुद्ध ओनील म्हणून तो खटला प्रसिद्ध आहे. दक्षिणेतली राज्यं वाईट आणि आम्ही उत्तरेतले चांगले, हे जे सोपं चित्र तिथल्या पुस्तकांत असायचं ते अशा ठिकाणी टिकत नाही.

आणखी एक उदाहरण देतो कारण ते मराठी माणसाला चटकन भिडेल. कनेटिकटमध्येच कँटरबरी नावाच्या गावात प्रुडन्स क्रँडल नावाच्या गोऱ्या बाईंची मुलींची शाळा होती, गावातले प्रतिष्ठित लोक आपल्या मुली तिथे घालायचे. १८३२ मध्ये त्यांनी सेरा हॅरिस या ब्लॅक मुलीला प्रवेश दिला, पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. बाईंनी काय करावं, तर १८३३ मध्ये शाळा ब्लॅक मुलींसाठीच पुन्हा सुरू केली. मग गावाने बहिष्कार घातला, दुकानदार सामान देईनात, विहिरीत घाण टाकली, आणि राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला की बाहेरच्या राज्यातल्या ब्लॅक विद्यार्थ्यांना गावाच्या परवानगीशिवाय शिकवायचं नाही. बाईंना अटक झाली, एक रात्र कोठडीत काढली. शेवटी १८३४ मध्ये रात्री जमावाने येऊन खिडक्या फोडल्या तेव्हा मुलींच्या जिवाच्या भीतीने शाळा बंद केली. वाचताना सावित्रीबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत, नाही का? आणि गंमत बघा, भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ते १८४८ साल, आणि कनेटिकटने गुलामगिरी पूर्ण संपवली तेही १८४८ सालच. जोतिरावांनी तर पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी संपवायला झटलेल्या लोकांनाच अर्पण केलं. म्हणजे आपल्याला हा विषय परका अजिबात नाही.

असो, परत मुद्द्यावर. हे खूळ आत्ता निघालंय असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. १७ नोव्हेंबर १९६७ ला फिलाडेल्फियात काही हजार ब्लॅक विद्यार्थी वर्ग सोडून शिक्षण मंडळाच्या इमारतीसमोर जमले, मागणी हीच, आमचा इतिहास शिकवा. पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी मारलं. त्या शहराने आफ्रिकन-अमेरिकन इतिहास हायस्कूल पास व्हायला सक्तीचा केला तो २००५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, तोवर त्या मोर्चातली पोरं पन्नाशी पार करून गेली. १९६८ च्या मार्चमध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी शाळांतून बाहेर पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला, चारेक महिने चालला, आणि त्यातून एथनिक स्टडीजचं, म्हणजे वेगवेगळ्या वांशिक गटांचा इतिहास आणि संस्कृती शिकवणारं, स्वतंत्र कॉलेज निघालं. आज हायस्कूलमध्ये जे येतंय त्याचं मूळ तिथे आहे.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यात नुसता द्वेषच आहे असं समजायचं कारण नाही, काही प्रश्न खरे आहेत: इतिहास गटागटाने शिकवला तर देशाचा म्हणून एक इतिहास उरतो का, गोऱ्या पोराला वर्गात बसून अपराधी वाटायला लावणार का, शिक्षक स्वतःचं राजकारण घुसवणार नाही कशावरून. या शंका कुठेही विचारता येतील. पण या शंकांच्या नावाखाली काय काय झालं तेही बघा, आणि त्यासाठी अॅरिझोना राज्यातलं टूसान शहर घेऊ.

टूसानच्या स्कूल डिस्ट्रिक्टने १९९८ पासून मेक्सिकन-अमेरिकन स्टडीज सुरू केलं होतं, साहित्य, इतिहास, सरकार हे विषय मेक्सिकन-अमेरिकन नजरेतून. राज्यातल्या शिक्षणप्रमुखांना ते खुपत होतं. २०१० मध्ये राज्याने कायदा केला की सरकार उलथवायला शिकवणारे, एखाद्या वंशाबद्दल चीड निर्माण करणारे, एकाच वांशिक गटासाठी आखलेले किंवा व्यक्तीऐवजी वांशिक एकजुटीचा पुरस्कार करणारे वर्ग चालणार नाहीत. ऐकायला ठीक वाटतं, पण रोख एकाच ठिकाणी होता. राज्याने स्वतःच पैसे देऊन २०११ मध्ये तपासणी करून घेतली, त्यात कायदा मोडल्याचा पुरावा सापडला नाही असं निघालं, तो अहवाल बाजूला ठेवला. राज्याकडून येणारा दहा टक्के निधी कापू अशी तंबी दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये डिस्ट्रिक्टने मान तुकवली, कार्यक्रम बंद, आणि त्या वर्गांतली पुस्तकं खोक्यांत भरून गोदामात नेली. पोरांच्या देखत काही ठिकाणी. पुढे पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, फेडरल न्यायाधीश वॉलेस टशीमा यांनी निकाल दिला की हे वांशिक आकसापोटी केलं होतं आणि घटनाबाह्य होतं. निकाल आला पण तो कार्यक्रम जसा होता तसा काही परत आला नाही. एखादी गोष्ट शाळेतून काढायला एक महिना पुरतो, कोर्टातून परत मिळवेपर्यंत ती पोरं पदवीधर झालेली असतात.

आणि त्या कोर्सने पोरांचं नुकसान होत होतं का? टूसानच्या आकडेवारीचा अॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास करून २०१४ मध्ये छापला, त्यात हे वर्ग घेतलेली मुलं, जी आधी अभ्यासात थोडी मागेच होती, ती राज्याच्या परीक्षा पास होण्यात आणि हायस्कूल पूर्ण करण्यात पुढे निघाली.

सॅन फ्रान्सिस्कोचा अभ्यास आणखी गाजला आणि तो जरा समजून घेण्यासारखा आहे. तिथल्या काही शाळांनी नियम केला की आठवीत ज्यांचा जीपीए (सगळ्या विषयांच्या गुणांची सरासरी, चारपैकी) दोनच्या खाली, त्यांना नववीत एथनिक स्टडीज द्यायचं, नको असेल तर पालकांनी तसं सांगायचं. आता १.९ वाला मुलगा आणि २.१ वाला मुलगा, दोघांत तसा फरक काय? काहीच नाही. पण एकाला कोर्स मिळाला, दुसऱ्याला सहसा नाही. म्हणजे आपोआपच प्रयोग झाला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी या रेषेच्या दोन्ही बाजूंची मुलं ताडून बघितली तर कोर्स मिळालेल्यांची हजेरी २१ टक्के अंकांनी वाढलेली आणि जीपीए १.४ ने. हे आकडे इतके मोठे आहेत की मला पहिल्यांदा वाचून शंकाच आली, आणि ती इतर संशोधकांनाही आली, त्यांनी पद्धतीवर टीका केली. दुसरं म्हणजे आधी चाचणी म्हणून चालवलेला हा कोर्स छोट्या प्रमाणावर होता आणि शिक्षक निवडक, मनापासून शिकवणारे होते. तोच कोर्स हजार शाळांत, नाइलाजाने उभ्या केलेल्या शिक्षकाकडून शिकवला तर तसंच होईल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून घ्या आणि पुढे व्हा.

फ्लोरिडाची तर वेगळीच तऱ्हा. तिथे शाळांनी आफ्रिकन-अमेरिकन इतिहास शिकवलाच पाहिजे असा कायदा १९९४ पासून आहे, आणि तो अजून लागू आहे! पण त्याच राज्याने जानेवारी २०२३ मध्ये एपी आफ्रिकन अमेरिकन स्टडीज हा कोर्स नाकारला, आणि त्याच वर्षी आलेल्या निकषांत गुलामांनी शिकलेली काही कौशल्यं त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरू शकत होती असं वाक्य घातलं, त्यावरून देशभर गदारोळ झाला. म्हणजे विषय सक्तीचा असून भागत नाही, आत काय लिहिलंय ते वाचावं लागतं. टेक्सासचं त्याउलट, तिथे राज्य शिक्षण मंडळाने २०१८ मध्ये मेक्सिकन-अमेरिकन आणि २०२० मध्ये आफ्रिकन-अमेरिकन स्टडीज हे ऐच्छिक कोर्स मंजूर केले. रिपब्लिकन राज्य म्हणजे बंदी आणि डेमोक्रॅट राज्य म्हणजे सक्ती असं धरून चाललात तर फसाल.

कॅलिफोर्नियाचं बघा ना. एवढं मोठं, एवढं पुरोगामी राज्य, २०२१ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली की २०३० मध्ये हायस्कूल पास होणाऱ्या बॅचपासून एथनिक स्टडीज सक्तीचं. बातम्या झाल्या, टाळ्या झाल्या. पण कायद्यातच एक अट होती की विधिमंडळाने पैसे मंजूर केले तरच हे लागू होणार. २०२५ च्या बजेटमध्ये पैसे ठेवलेच नाहीत. झालं, सक्ती हवेतच राहिली, आता ज्या डिस्ट्रिक्टना करायचंय ते आपल्या हिमतीवर करतायत.

आता आपल्या लोकांचा यात संबंध कुठे येतो? येतो. कॅलिफोर्नियातच सहावीच्या पुस्तकात प्राचीन भारत आहे आणि त्यात जातीबद्दल काय लिहायचं यावरून २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये मोठी जुंपली होती, एका बाजूला हिंदू संघटना की आमच्या पोरांना वर्गात चिडवतात, हे बदला, दुसऱ्या बाजूला दलित संघटना आणि इतिहासकार की जात पुसू नका. ज्यांना ब्लॅक इतिहासाच्या वेळी "उगाच जुनं कशाला उकरायचं" वाटतं त्यांनी आणि ज्यांना त्यावेळी फार आनंद होतो त्यांनीही, या वादात आपण कुठल्या बाजूला होतो ते एकदा आठवून बघावं. मी दोन्ही प्रकारचे लोक एकाच गणेशोत्सवाच्या मांडवात बघितलेत.

आणि कनेटिकट तिथेच थांबलेलं नाही. तिथे २०२३-२४ पासून मूळ अमेरिकन लोकांचा इतिहास आणि २०२५-२६ पासून आशियाई अमेरिकन इतिहास शाळांनी शिकवायचा आहे, आणि तो वेगळा इलेक्टिव्ह म्हणून नाही, सोशल स्टडीजच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात मिसळून. मला ही पद्धत जास्त बरी वाटते, कारण फॉर्मवर टिक न करणाऱ्या पोरापर्यंतही ते पोचतं, मात्र मिसळताना चिमूटभरच घातलं तर कळणारही नाही घातलंय का नाही ते.

तिकडे ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांच्यासाठी कामाचं एवढंच. शाळेच्या वेबसाइटवर त्या वर्षाच्या कोर्सेसची पुस्तिका असते, त्यात हा कोर्स आहे का बघा, आणि नुसतं नाव बघून थांबू नका, मागच्या वर्षी तो वर्ग भरला होता का आणि कोण शिकवतं ते ऑफिसात विचारा. कोर्स निवडायचे फॉर्म बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात, पुढच्या वर्षाच्या बरेच आधी येतात, म्हणून शाळा सुरू व्हायच्या वेळी ऑगस्टमध्ये चौकशी करून उपयोग नसतो. आणि स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये सहसा सुरुवातीला लोकांना बोलायला वेळ असतो, दोन-तीन मिनिटं, नाव लिहून द्यायचं आणि बोलायचं. बाजूने बोलायचं असो की विरोधात, आधी तो अभ्यासक्रम उघडून वाचा, कनेटिकटचा तर ऑनलाइन फुकट आहे.